दाजीसाहेबांचं उभं पीक

दाजीसाहेब कुणालाही कधी ‘नाही’ म्हणत नसत. माझा त्यांच्यावरचा संशय इथूनच सुरू झाला. ज्या माणसाच्या तोंडून आयुष्यात एकदाही ‘नाही’ निघत नाही, तो एक तर संत असतो, किंवा नकार द्यायची त्यानं दुसरी काहीतरी सोय करून ठेवलेली असते. आमच्या गावात संत होऊन गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आमचं गाव खोडदच्या अलीकडे. बांधावर उभं राहिलं की आकाशाकडे तोंड करून बसलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या अजस्र तबकड्या दिसतात. बाहेरचा माणूस त्यांच्याकडे बघत राहतो आणि आम्ही त्या माणसाकडे. मी मंचरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा माझ्या घराची एक भिंत दाजीसाहेबांच्या घराला लागून आहे, एवढंच मला ठाऊक होतं. भिंत सामाईक असली की माणूस कळतो असं नाही. खोकला तेवढा कळतो.

ते मूळचे आमच्या गावचे नव्हेत. इथल्या एका भाऊ नसलेल्या मुलीशी लग्न करून ते घरजावई आले आणि सगळ्या गावाचे दाजी झाले. जावयाला गाव उलटून बोलत नाही, ही इथली रीत. तिचा एवढा पुरेपूर वापर केलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. ‘साहेब’ मात्र त्यांनी स्वतः आणलं. ते एका सरकारी कचेरीत कारकून होते. शेवटच्या दिवशी हार घालताना शिपाई त्यांना साहेब म्हणाला असावा. हाराची फुलं वाळली, साहेब टिकलं.

कडक इस्त्रीची टोपी, पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल कशासाठी, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “चुका दिसतात हो. डोळ्यांना सवय लागली.” घरी आलेल्या लग्नपत्रिकाही ते लाल पेन घेऊन वाचत. प्रेषकांच्या यादीत आपलं नाव कितव्या ओळीत आहे ते आधी बघत आणि मग शुद्धलेखनाला हात घालत. नाव वरच्या ओळीत असेल तर चुका कमी सापडत.

उद्घाटनाला त्यांच्याशिवाय गावाचं पान हलत नसे. पिठाची गिरणी निघाली तेव्हा फीत त्यांनीच कापली. कापून झाल्यावर तबकातली कात्री त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. आठवण म्हणून. दोन दिवसांनी गिरणीवाला बाळू कात्री मागायला आला. त्याची ती एकुलती एक कात्री होती.

“न्या की,” दाजीसाहेब म्हणाले. “तुमचीच आहे. मात्र उद्घाटनाची कात्री आहे, बाळासाहेब. तिनं पोती उसवू नका.”

“मग तिनं काय करू, दाजी?”

“जपून ठेवा.”

बाळूनं नारायणगावच्या बाजारातून दुसरी कात्री आणली. दाजीसाहेबांनी ती पहिली त्याच्या वतीनं जपून ठेवली.

माझ्यावर पाळी आली ती शिडीची. गच्चीवरची टाकी धुवायची होती. त्यांची लोखंडी शिडी मागितली, तर त्यांनी स्वतः उचलून आणून दिली. संध्याकाळी परत करायला गेलो तर म्हणाले, “राहू द्या. एवढी घाई काय? आज शनिवार आहे, लोखंड घरात घेत नाहीत.” पुढे म्हणाले, “मी नसताना ठेवून जाऊ नका, पडून कुणाला लागलं तर तुमच्यावर यायचं.” मग अंगण सारवलं होतं. मग पाहुणे होते. शिडी माझ्या दारात पावसाळाभर उभी राहिली. आणि दिवाळीत डेअरीवर मला कुणीतरी सहज म्हणालं, “सर, दाजींची शिडी लई दिवस तुमच्याकडंच हाये म्हणं.”

त्या दिवशी मला समजलं की हा माणूस वस्तू देत नाही, माणसं अडकवून ठेवतो. घेणाऱ्याला परत करताही आलं पाहिजे, पण सहजासहजी करता येता कामा नये. यात त्यांना काय सुख मिळत होतं, यावर मी बरेच तर्क केले. त्यातला एकही त्यांच्या बाजूचा नव्हता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. हिराबाईचं रान त्यांच्याकडे गहाण नसतं तर.

हिराबाई मेंढपाळाच्या घरातली. दिवाळी झाली की तिचा नवरा धोंडिबा, दीर आणि ती मेंढरं घेऊन माळशेज घाटानं खाली कोकणात उतरायची आणि पावसाच्या तोंडावर वर यायची. ओढ्याकाठी त्यांचा दीड एकराचा तुकडा होता. काळं, ओल धरणारं रान. धोंडिबाच्या पोटाचं ऑपरेशन निघालं तेव्हा त्यानं तो दाजीसाहेबांना ताबेगहाण दिला. म्हणजे रान सावकारानं कसायचं, पीक व्याजापोटी खायचं, आणि मुद्दल परत मिळालं की रान मोकळं करून द्यायचं.

गहाणखताचा मसुदा दाजीसाहेबांनीच लिहिला. लिहून झाल्यावर आपल्या ओटीवर चार माणसांसमोर तो वाचून दाखवला. चहा होता म्हणून मीही होतो. आवाज असा लावला होता की सत्यनारायणाची कथा चालू आहे असं वाटावं. रान सोडवायचं ते गुढीपाडव्याच्या दिवशी सोडवावं, हे पहिलं. माना हलल्या, कारण आमच्याकडे रानं पाडव्यालाच हात बदलतात. सोडवणाऱ्यानं स्वतः हजर राहून सोडवावं, हे दुसरं. हेही योग्यच, उगाच मध्ये दलाल नकोत. आणि तिसरं, रानात उभं पीक असल्यास त्या वर्षी ताबा मागू नये.

इथे तर ओटीवरची म्हातारी माणसं गहिवरली. उभ्या पिकातून कुणाला उठवायचं नाही, हा आमच्या मुलखातला धर्म आहे. भाऊबंदकीत डोकी फुटतात, पण उभ्या पिकावर कुणी नांगर घालत नाही. “दाजी, कागदात माणुसकी आणली तुमी,” असं एक जण म्हणाला. धोंडिबानं अंगठा केला.

मला आवाज खटकला होता. कागदात खोट सापडत नव्हती. प्रत्येक अट सुटी करून पाहिली तर गावच्या रीतीप्रमाणेच होती. घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की पाडव्याला धोंडिबा कुठे असतो? घाटाखाली. मेंढरांच्या मागे. दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठून हे सांगितलं. तो हसला. “सर, एक दिवसाचं काय? यष्टी हाये की. बसतो आन येतो.”

धोंडिबा त्या आजारातून पुरता उठलाच नाही. दुसऱ्या वर्षी गेला. त्यानंतरच्या पाडव्याला हिराबाई कल्याणकडून एसटीनं एकटी आली. मेंढरं दिरावर सोडून. पदराच्या गाठीत पैसे. मी माझ्या गुढीला गाठी बांधत होतो, त्यामुळे पुढचं सगळं भिंतीपलीकडून नीट ऐकू आलं.

“दाजी, पैसं आणल्यात. मोजून घ्या आन रान मोकळं करा.”

“बस, बाई. आधी श्रीखंड खा. रान तुझंच आहे.”

“श्रीखंड नगं. मला म्हागारी जायचंय.”

दाजीसाहेबांनी कागद आणला असावा. चष्म्याच्या डबीचा आवाज आला. “यात धोंडिबानं स्वतः हजर राहावं असं आहे,” ते म्हणाले.

बाई म्हणाली, “त्यो मेला की वं.”

“मला माहीत आहे. मी खांदा दिलाय. म्हणून मी ती अट धरत नाही. सोडून दिली. तू आलीस, धोंडिबा आला.”

मेलेल्या माणसानं हजर राहावं ही अट त्यांनी इतक्या मोठ्या मनानं सोडली की पुढची अट धरायचा त्यांना हक्कच मिळाला. “फक्त रानात घास आहे,” ते म्हणाले. “उभा आहे. तुला दिसलाच असेल.”

घास म्हणजे जनावरांचा चारा. एकदा पेरला की कापावा आणि तो पुन्हा यावा, असं तीन वर्षं चालतं. दाजीसाहेबांच्या गोठ्यात एकही जनावर नव्हतं.

हिराबाई माझ्या दाराशी पाणी प्यायला आली. तांब्या उंच धरून गटागट प्यायली. पायांना भेगा, गुडघे सुजलेले. “सर,” ती म्हणाली, “माझं चालणं संपलं आता. कोकणात उतरले का पुढल्या साली वर चढंन का न्हाई, ठावं न्हाई. त्या रानात एक छप्पर टाकायचं आन बसायचं, एवढंच हाये.”

घास संपला त्या वर्षी पाडव्याला मका होता. पुढच्या वर्षी ऊस. त्यात बिबट्याची मादी व्याली आहे, असंही दाजीसाहेबांनी गंभीरपणे सांगितलं. पिलं कुणी पाहिली नव्हती. हिराबाई मात्र दर वर्षी येत होती आणि रात्रीच्या गाडीनं परत जात होती. तिचा दीर आता कुरकुर करू लागला होता, असं तिच्या बोलण्यावरून वाटायचं.

मग एका फाल्गुनात, पाडवा तोंडावर आलेला असताना, मी सकाळी ओढ्याकडे फिरायला गेलो. ऊस तुटून गेला होता. दाजीसाहेबांच्या वाटेकऱ्यानं खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांवरचं पुढचं पीक, ठेवला नव्हता, रान नांगरून पडलं होतं. तेवढ्या मोकळ्या काळ्या रानाच्या कोपऱ्यात दाजीसाहेब उकिडवे बसले होते. इस्त्रीची टोपी, पांढरा सदरा, धोतराचा सोगा खांद्यावर. गावात आल्यापासून त्यांनी मातीला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. ते मेथी पेरत होते. अंथरुणाएवढा एक वाफा.

मला बघून दचकले नाहीत. “घरची भाजी बरी असते,” म्हणाले.

“घरामागे परस आहे ना तुमच्या?”

“तिथे ऊन लागत नाही.”

त्यांच्या परसात दुपारी चपला पायात असतानाही चटके बसतात.

पाडव्याला हिराबाई आली, मेथीची दोन-दोन पानं बघून उभी राहिली आणि पहिल्यांदाच हसली. “दाजी,” म्हणाली, “म्या आज घाटाखालून आले ती तुमच्या मेथीची जुडी न्यायला व्हय?” त्या दिवशी ती परतीच्या गाडीला बसली नाही. जुन्नरच्या गाडीला बसली.

जुन्नरच्या कोर्टाबाहेर तिला एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी कागद वाचून काय सांगितलं ते हिराबाईनं मला तिच्या शब्दांत सांगितलं. “त्या म्हणल्या, गहाण टाकलं म्हंजी ते सोडवायचा हक आपसूक ऱ्हातो. कुणी अटी घालून त्यो हक बुजवला तर त्या अटी कायदा बगत न्हाई. पाडवा न्हाई आन मेथी बी न्हाई. पैसं कोर्टात भरायचं आन रान मागायचं.” मग म्हणाली, “मला वाटलं, कागदावर ल्हिलं म्हंजी झालं. आंगठा केल्याला.”

नोटीस आली तसं गाव पालटलं. जावयाला कोर्टात खेचलं, हे कुणाला पचेना. डेअरीवर रोज चर्चा. “उभं पीक मोडून मागती म्हंजी काय?” “म्हातारीच्या मागं कुणीतरी शाणा हाये.” हे म्हणताना माझ्याकडे बघायचं नाही, इतपत सभ्यता ते पाळत. बाळू गिरणीवाला तेवढा एकदा पीठ चाळता चाळता म्हणाला, “लई दिवसांनी कुणीतरी त्यांच्या खिशात हात घातला, राव.” आणि लगेच, दाराबाहेर कोण आहे ते वाकून बघितलं.

दाजीसाहेब नोटीस घेऊन माझ्याकडे आले. लाल पेनानं तिच्यात दोन ठिकाणी खुणा होत्या, ऱ्हस्व-दीर्घाच्या. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

“सर, मी तिला कधी नाही म्हटलंय का? तुम्ही शेजारी आहात. भिंतीतून ऐकू येतं तुम्हाला, मला माहीत आहे.”

“नाही म्हटलं नाहीत. हो पण म्हटलं नाहीत.”

“रान तिचंच आहे. मी विकायला काढलंय? माझ्या नावावर केलंय? फक्त रीत पाळा म्हणतो. रीत माझी आहे का? तुमच्या गावची आहे.”

“मग देऊन टाका. संपलं.”

ते माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे वळून म्हणाले, “सोडवून नेलं की माणूस परत दारात येत नाही, सर. या गावात माझं असं काय आहे? घर बायकोचं. रान सासऱ्याचं. हाक मारतात तीसुद्धा तिच्या नात्यानं. ती गेली त्याला किती वर्षं झाली. माझ्या ओटीवर जे येतात ना, त्यातला प्रत्येक जण काहीतरी अडकलंय म्हणून येतो.”

हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. थोडा विरघळलोही. पण त्याच वेळी मनात आलं की हे वाक्य त्यांनी तारखेला कोर्टात म्हणायचं म्हणून माझ्यावर आधी म्हणून पाहिलं असेल का? आजही मला ते सांगता येत नाही. खरं बोलताना आणि मसुदा वाचताना त्यांचा आवाज एकच लागायचा.

कोर्टात ते वाक्य ते बोलले नाहीत. तिथे ते कायद्याची भाषा बोलले. मी मागच्या बाकावर होतो. न्यायाधीशांनी त्यांना सरळ विचारलं, “या बाईंना हे रान सोडवता आलं असतं असा गेल्या काही वर्षांतला एक दिवस सांगा.”

“पाडवा,” दाजीसाहेब म्हणाले.

“आणि पाडव्याला रानात काय होतं?”

“पीक होतं. साहेब, शेतकऱ्यानं रान पडीक ठेवावं का?”

“मेथी?”

“मेथीही पीकच आहे.”

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. दाजीसाहेबांनी टोपी सारखी केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यासमोर खुर्चीत असा माणूस बसला होता, जो सबबीवर मान हलवत नव्हता. निकाल लागायला वेळ गेला, पण लागला तो सरळ लागला. सोडवण्याच्या आड येणाऱ्या अटी निरर्थक. बाईंनी भरलेले पैसे सावकारानं घ्यावेत, रान सोडावं.

निकालाच्या वेळी रानात कांदा होता. उन्हाळी, वाटेकऱ्यानं लावलेला, हाताशी आलेला. हिराबाईला तिच्या वकीलबाईंनी सांगितलं होतं की आता थांबायची गरज नाही. ती दाजीसाहेबांच्या ओटीपाशी आली, पायरी चढली नाही. खालूनच म्हणाली, “दाजी, कांदा काढून न्या तुमचा. तवर म्या ओढ्याच्या अंगाला ऱ्हाते. उब्या पिकातनं उठवायची रीत न्हाई आमच्याकडं.”

ओटीवरच्या माणसांनी माना खाली घातल्या. मी दाजीसाहेबांकडे बघत होतो. ते उठून आत गेले.

त्यानंतर आठवडा गेला, दुसरा गेला. कांद्याच्या माना पडल्या, पात पिवळी पडून जमिनीला टेकली. अशा वेळी पाणी तोडतात आणि काढणीला माणसं लावतात. वाटेकरी दोनदा विचारून गेला. दाजीसाहेब म्हणाले, काढू, एवढी घाई काय. गावात कुजबुज सुरू झाली की दाजी आता काहीतरी नवीन काढणार. मलाही तसंच वाटलं. हिराबाई ओढ्याच्या पलीकडे चार बांबूंवर प्लास्टिकचा कागद टाकून राहत होती.

पुढच्या महिन्यात दाजीसाहेबांचा मुलगा त्यांना चाकणला घेऊन गेला, ते परत आलेच नाहीत. त्यामुळे त्या रानात मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या एका सकाळी.

मी ओढ्याकडे गेलो तेव्हा मोटर चालू होती. दाजीसाहेब धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, हातात खोरं घेऊन कांद्याला पाणी देत होते. काढायला झालेल्या कांद्याला. असं पाणी दिलं की कांदा सडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ओल्या रानात काढणी होत नाही, तेवढे दिवस पीक उभंच राहतं. त्यांना मोटर आणि खोरं दोन्ही जमत नव्हतं. एका वाफ्याचं दार बांधायला जात, तोवर दुसऱ्याचं फुटत होतं. सदऱ्यावर चिखल उडाला होता. ते धावत होते, जमेल तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

हिराबाई पलीकडून आली. मला वाटलं, आता ओरडेल. मोटर बंद करेल. तिनं पायातल्या चपला काढून बांधाच्या कडेला नीट जोडून ठेवल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, बांधावर टेकली. पदरानं तोंड पुसलं. दाजीसाहेब तिला बघून जागीच थबकले. मागचं दार फुटून पाणी त्यांच्या पायावरून वाहू लागलं.

“भरू द्या, दाजी,” ती म्हणाली. “सावकास भरा. मला आता कुटं जायाचं न्हाई.”